सिंकच्या खालचं

यंदा आम्ही घरात काम काढलं. शिरूरच्या जुन्या भागात सासऱ्यांनी बांधलेलं घर. बेत मोठे, पैसे बेताचे. म्हणून ठरलं की बाकी घराला नुसता रंग आणि स्वयंपाकघर तेवढं नवं. माझा जीव मात्र सगळा सिंकमध्ये अडकलेला. मी शाळेत भूगोल शिकवते, फळ्यावर नद्या-डोंगर काढते, पोरांवर बऱ्यापैकी वचक आहे. अशा बाईने पत्र्याच्या एका चौकोनी खोक्यासाठी रात्री जागून व्हिडिओ बघावेत याची घरच्यांना करमणूक वाटली, आणि खरं सांगायचं तर मलाही. त्या निमित्ताने जे कळत गेलं ते लिहून ठेवते आहे. क्रमाला अर्थ नाही, आठवेल तसं.

१. सिंक घ्यायला जाताना घरातलं सगळ्यात मोठं भांडं बरोबर न्यावं. दुकानात सिंकं भिंतीवर तसबिरींसारखी टांगलेली असतात. आपण लांबून बघतो, मान वाकडी करतो, चकाकीवर बोलतो. त्यात भांडं ठेवून बघायची सोय नसते आणि तशी मागणी करायचं कुणाला सुचतही नाही. मी पुरणाचं पातेलं पिशवीत घालून नेलं. नगर रस्त्यावरच्या त्या दुकानातला पोरगा म्हणाला, “काकू, कल्हईवाला इथं नाही बसत.” माझा चेहरा बघून मालकांनी निमूट सिंक खाली उतरवलं. पातेलं त्यात तिरकं होऊन अडकलं. लेबलावर २४ बाय १८ इंच लिहिलेलं असतं ते बाहेरच्या कडेचं माप. आतली वाटी चारही बाजूंनी आत सरकलेली, शिवाय कोपरे गोल. म्हणजे ज्या आकड्यावर आपण भाळतो तो भांड्याच्या उपयोगाचाच नाही. शेवटी आमच्याकडचं सिंक मी नाही, पातेल्याने पसंत केलं. पुढे पोळ्याला पुरण घातलं तेव्हा ते पातेलं त्यात सपाट बसलं आणि घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

२. कंबर दुखते ती ओट्याच्या उंचीने नव्हे, सिंकच्या तळाने. ओट्याची उंची सगळे विचारतात: ३२ इंच, ३३, ३४. पण भांडी काही ओट्यावर घासत नाहीत, ती तळाशी घासतात. १० इंच खोल सिंक ३३ इंचांच्या ओट्यात बसवलं की हात जातात जमिनीपासून २३ इंचांवर, म्हणजे गुडघ्याच्या जरासं वर. त्यात जुन्या फरशीवर नवी टाइल चढवली की जमीन इंचभर वर येते, आणि ओटा आपोआप तेवढा बुटका होतो. हे गणित कागदावर मांडून माझं समाधान होईना. रिकाम्या खोलीत विटा रचल्या, त्यावर घमेलं ठेवलं आणि ते घासायचं नाटक सुरू केलं. थर काढायचा, घासायचं. थर चढवायचा, घासायचं. गवंडी तंबाखू मळता मळता थांबला. मग मुलीला उभं केलं, जाऊबाईंना उभं केलं. मुलगी माझ्यापेक्षा चांगली उंच, जाऊबाई माझ्या खांद्याला. तिघींना बरं वाटेल असं माप निघालंच नाही. रोज जास्त वेळ कोण उभं राहतं, एवढ्या एकाच प्रश्नावर निकाल लावावा लागला, आणि तो प्रश्न घरात मोठ्याने विचारल्यावर दिवाणखान्यात एकदम शांतता पसरली. शेवटी आम्ही ८ इंच खोल सिंक घेतलं. दुकानदार म्हणाले, “हल्ली सगळे दहाचंच नेतात.” नेत असतील. त्यांच्याकडे भांडी कोण घासतं ते आधी विचारावं लागेल.

३. मोरी ही मागासलेली गोष्ट आहे असं मी बरीच वर्षं समजत होते. आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, सिंक नको होतं. त्यांचं म्हणणं सरळ: “हुबं ऱ्हाऊन भांडी घासायची ती हाटेलात. घरात बसून घासावी.” मी मनात म्हटलं, वय झालं. मग नीट बघितलं. मोरीत त्या पाटावर बसतात, एका हाताला खरकटी, दुसऱ्या हाताला घासलेली, समोर विसळायची बादली. पाणी मोजून. नळ पूर्ण वेळ बंद. त्याच मोरीत हंडा घासला जातो, रानातून आलेल्या माणसाचे पाय धुतले जातात, कोथिंबिरीच्या जुड्यांची माती उतरते, पावसाळ्यात ओल्या छत्र्या टेकवल्या जातात. सिंक यातलं एकच काम करतं आणि त्याला पाणी जास्त लागतं. दौंडला माझ्या माहेरी, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, मोरी स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यातच होती. गुडघाभर कठडा, पितळी नळ, पाणी यायची वेळ ठरलेली. त्या कोपऱ्यात आईचं निम्मं आयुष्य गेलं. म्हणून मला उभं राहून भांडी घासण्याचं एवढं अप्रूप, हे मला सिंकच्या शोधात कळलं. आत्या आणि मी, दोघीही आपापल्या जागी बरोबर आहोत. आम्ही आत सिंक बसवलं आणि मागच्या दारी एक मोरी नव्याने बांधली. सध्या मागची मोरीच जास्त चालते, हेही सांगून टाकते.

४. लोहचुंबकाने स्टीलची परीक्षा होत नाही. आमचे हे खिशात लोहचुंबक घेऊन दुकानोदुकानी हिंडले. चिकटला तर वाईट, नाही चिकटला तर ‘तीनशेचार’, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. गंमत अशी की ३०४ ग्रेडच्या स्टीलला साधारणपणे तो चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२लाही चिकटत नाही. ३०४मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. २०२मध्ये महाग निकेल कमी करून त्या जागी मँगनीज घालतात. चुंबकाला दोन्ही सारखीच. उलट चांगलं ३०४सुद्धा साच्यात दाबून खोल ओढलं की कोपऱ्यांशी किंचित चिकटू शकतं. म्हणजे ह्यांनी नाकारलेल्यातलं एखादं अस्सल असायची शक्यता आहे. गेजचा आकडाही उलटा चालतो: १६ गेजचा पत्रा जाड, २० गेजचा पातळ. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं हे शाळेत पोरांना मीच शिकवते. ग्रेड बिलावर लिहून मागावी, एवढंच आपल्या हातात. लिहून देताना दुकानदाराचा हात किती अडखळतो ते बघावं.

५. न गंजणारं स्टीलही गंजतं, आणि बहुधा घराचं काम चालू असतानाच. हॅरी ब्रेअर्ली या इंग्रज माणसाने १९१३ साली शेफील्डला क्रोमियम घातलेलं पोलाद तयार केलं, तेव्हापासून आपण निर्धास्त आहोत. पण त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा जो अदृश्य पापुद्रा असतो, सगळी राखण तो करतो. आमच्या अंगणात ग्रिलवाला लोखंडी गज कापत होता. ठिणग्या उडत होत्या, पोरं कौतुकाने बघत होती. सिंक पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या कडेवर तांबूस ठिपके. ह्यांनी लगेच दुकानदाराला फोन लावायला घेतला. प्लंबरने नख फिरवून सांगितलं, “हा गंज याचा नाही, लोखंडाच्या भुश्शाचा आहे. आज पुसला तर निघंल.” निघाला. खरा धोका फरशी धुवायच्या अॅसिडचा. टाइल बसवल्या की सिमेंटचे डाग काढायला सर्रास अॅसिड ओततात, बादल्या सिंकमध्ये रिकाम्या करतात, नुसत्या वाफेनेही पत्र्याला बारीक खड्डे पडतात. ब्लीचिंग पावडरचं तेच. वरचा प्लास्टिकचा पापुद्रा म्हणूनच रंगारी घराबाहेर पडेपर्यंत काढायचा नाही. जिथे कड दगडावर चिकटवायची तेवढीच पट्टी सोलायची.

६. जुना कडप्पा फेकण्याजोगा नसतो. आमच्या ओट्यावर कडप्पा होता. काळा, कडा झिजलेल्या, मधोमध पांढुरके डाग. ते डाग लिंबाचे आणि चिंचेचे. कडप्पा काय, शहाबाद काय, दोन्ही मुळात चुनखडक; आंबट लागलं की खातं. इथल्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, नळाच्या तोंडाशी पांढरं साचतं, ते काढायला लिंबाची फोड चोळावी असं मीच सगळ्यांना सांगत असे. तोच रस ओघळून खाली दगड खात होता. ग्रॅनाइटला लिंबाचं भय नाही, म्हणून ग्रॅनाइट घेतला. तो कापायला आलेला पोरगा राजस्थानचा, मुलीच्या वयाचा. सिंकची चौकट कापताना अख्खं स्वयंपाकघर पांढऱ्या धुळीत गेलं आणि त्याच्या तोंडाला फक्त रुमाल. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा अंश मोठा, त्याची बारीक धूळ फुप्फुसात बसली की परत निघत नाही, सिलिकोसिस म्हणतात. मी त्याला अंगणात न्यायला लावलं आणि कटरवर पाण्याची नळी धरायला आमच्या ह्यांना उभं केलं. पोरगा म्हणाला, “पानी से टाइम ज्यादा लगता है, आंटी.” लागला. ह्यांचा पायजमा चिखलाने भरला. कापलेल्या कडप्प्याचा मागच्या मोरीला धोंडा झाला, उरलेल्याची सिंकखालची फळी. आत्यांना वाटतं हा त्यांच्या हट्टाचा विजय आहे. असू दे.

७. प्रत्येक कारागीर आधीच्याला नावं ठेवतो. गवंड्याच्या मते प्लंबरने पाइप चुकीच्या जागी काढला. प्लंबरच्या मते गवंड्याने भिंत फुगवली. ग्रॅनाइटवाल्याच्या मते दोघांनाही गुण्या कशाशी खातात ते ठाऊक नाही. आमचा प्लंबर रांजणगावच्या एमआयडीसीत शिफ्ट करतो आणि उरलेल्या वेळात घरांची कामं. गवंडी सकाळचा, प्लंबर संध्याकाळचा, त्यामुळे दोघांची गाठ पडेना आणि एकाचं दुसऱ्याबद्दलचं मत मलाच पोचवावं लागे. तिघांना एकाच वेळी ओट्यासमोर उभं करून चहा दिला तेव्हा अर्धे वाद मिटले.

८. सांडपाण्याचा पाइप किती जाड यापेक्षा तो किती कलता, हे मोठं. हे मला प्लंबरने नव्हे, अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत रुळांच्या देखभालीच्या गँगवर मेट होते. दौंड-मनमाड मार्ग १८७८चा. त्या मार्गावर उन्हातान्हात चालण्यात त्यांची नोकरीची वर्षं गेली. आता ऐंशी ओलांडलीय, तरी चौफुला-न्हावरा मार्गे येणारी एसटी पकडून आले, पिशवीत स्वतःची पाणसळ घेऊन. मला वाटलं, लेकीचं नवं स्वयंपाकघर बघायला आले. ते थेट ओट्याखाली वाकले.

“किती उतार दिलाय?” त्यांनी प्लंबरला विचारलं.

“दिलाय की, बाबा. पाणी जातंय.”

“जातंय ते मला बी दिसतंय. किती?”

प्लंबरने टेप काढली. फुटाला पाव इंच उतार हवा, म्हणजे ४८ला १. सिंकपासून बाहेरच्या चेंबरपर्यंत १२ फूट, तेव्हा पाइपाने तेवढ्यात ३ इंच खाली उतरायला हवं. दोन बोटं कमी भरलं. अण्णा मला म्हणाले, “बोरघाटात रूळ ३७ला १ चढतो, मागनं इंजिनं लावावी लागतात. त्याच्यापेक्षा तुझं हे सोपं काम.” रुळाकडेला पांढऱ्या पाट्यांवर चढ-उतार लिहिलेले असतात, लहानपणी मी त्या पाट्या गाडीतून मोजायची, पण त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता. भूगोलाची पदवी घेतली तरी विचारला नाही. उतार फार दिला तरी बिघडतं, हे प्लंबरने सांगितलं: पाणी पुढे पळतं, शितं मागे राहतात. यावर दोघांचं एकमत झालं आणि मग ते बराच वेळ ओट्याखाली डोकं घालून बोलत बसले. मला चहा करायला सांगितलं गेलं. चुलीची जागा तात्पुरती पडवीत होती, तो करून आणेपर्यंत पाइप उतरवून पुन्हा बसलाही होता.

९. वास पाइपातून येत नाही, पाणी नसल्यामुळे येतो. आपल्याकडे बहुतेक घरांत सिंकखाली वळ्यावळ्यांचा एक पांढरा पाइप लोंबतो आणि खालच्या न्हाणी ट्रॅपच्या जाळीत खोचलेला असतो. त्या वळ्यांत तूप, साय, चहाची पूड सगळं बसतं. वर आपण सिंक घासून चकचकीत ठेवतो, खाली कुणी वाकत नाही. त्याऐवजी सिंकच्या तोंडाखालीच बाटलीच्या आकाराचा ट्रॅप बसवता येतो. त्याचं बूड हाताने फिरवून काढता येतं आणि आत साचलेलं कपात उतरवून घेता येतं. पहिल्यांदा काढलं तेव्हा त्यात डाळ, नखाएवढं साबणाचा थर धरलेलं काहीतरी आणि माझी हरवलेली कानातली फिरकी निघाली. ट्रॅपमध्ये कायम इंच-दोन इंच पाणी थांबून राहतं. गटारातली हवा, झुरळं, वास यांना तेवढं पाणीच अडवतं. लंडनमधला घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली शौचकूपाच्या पेटंटमध्ये असा वळणाचा पाइप घातला. इतकी वर्षं झाली तरी त्याहून साधा उपाय कुणाला सापडलेला नाही. मे महिन्यात आपण गावाला जातो, घर बंद, ते पाणी उडून जातं, आणि परत आल्यावर आपण उंदीर मेलाय म्हणून माळा उपसतो. आम्ही उपसला आहे. निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतावं, परत आल्यावरही. तेलकट कढई मात्र कागदाने पुसल्याशिवाय नळाखाली धरू नये. गरम पाण्याने तूप वितळून जातं असं आपल्याला वाटतं. ते पुढे चार फुटांवर गार होऊन पुन्हा थिजतं.

१०. सासरचं खरकटं पाणी माहेरी जातं. हे मला ठाऊक असायला हवं होतं, कारण हाच नकाशा मी दरवर्षी फळ्यावर काढते. शिरूरहून घोड नदी पुढे चिंचणीच्या धरणात थांबते, तिथून खाली जाऊन दौंडच्या वर भीमेला मिळते. त्याच भीमेत आणखी वर, रांजणगाव सांडसला, मुळा-मुठेतून अख्ख्या पुण्याचं पाणी आलेलं असतं. दौंडच्या पुलावरून लहानपणी मी नदीवर फेस तरंगताना बघितलाय आणि पुणेकरांना पोटभर शिव्या दिल्यात. आपल्या घरचा पाइप कुणाकडे जातो हे शिरूरला इतकी वर्षं नांदून कधी मनात आलं नाही. दौंडहून पुढे उजनी. उजनीचं पाणी सोलापूर पितं. त्याच्याही पुढे पंढरपूर.

हे मी एका संध्याकाळी आत्यांना सांगितलं, उगाच, आपली विद्वत्ता मिरवावी म्हणून. आत्या माळकरी. त्यांनी हातातली वात बाजूला ठेवली. “म्हंजी आपलं खरकटं चंद्रभागेत?” मी म्हटलं, धरण आहे मध्ये, पातळ होतं, नगरपरिषद आहे, अमुक आहे. त्यांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या मोरीचं पाणी परसात वळवायचं ठरलं; पूर्वी तसंच होतं म्हणे, मोरीच्या तोंडाशी अळू, केळ आणि कर्दळ. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन गटारंच बंद केली, तिथले व्हिडिओ मी शाळेत दाखवले होते. दाखवताना आपल्याही घरी मागचं दार आहे हे लक्षात आलं नव्हतं. खड्डा खणायला धाकटे दीर आले. आतल्या सिंकचं पाणी अजून गटारातच जातं, कारण तो पाइप रस्त्याच्या बाजूला आहे. आत्यांना मी तेवढं स्पष्ट सांगितलेलं नाही.

पाण्याला वाट काढून देणं या तालुक्याला काही नवीन नाही. इनामगावला, याच घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती. घरात चुली, धान्य साठवायची पेवं, आणि पुराचं पाणी वळवून नेणारा पाट. सहलीला पोरांना हे सांगताना पोरं विचारतात, तिथं आता काय बघायचं? शेतं दिसतात. पाट खणणाऱ्यांनी उतार कशाने मोजला असेल, हे मला आता अण्णांना विचारावंसं वाटतं.

११. सगळ्यात अवघड काम म्हणजे काही न करणं. सिंक ग्रॅनाइटवर सिलिकॉनने चिकटवलं की २४ तास हात लावायचा नाही, पाणी सोडायचं नाही, वजन ठेवायचं नाही. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन दगडाला चालत नाही, बिनवासाचं घ्यावं लागतं, हे प्लंबरला माहीत होतं. चोवीस तास कसे काढायचे हे कुणालाच माहीत नव्हतं. जो येई तो नळ फिरवून बघायचा. शेवटी ह्यांनी तोटीला फडकं बांधलं. आत्यांनी त्या फडक्यावरच हळदकुंकू लावलं, आणि मग मात्र कुणी हात लावला नाही.

१२. भिंतीच्या आत काय आहे ते भिंत बंद झाल्यावर कुणालाच आठवत नाही. शेजाऱ्यांकडे पाण्याचा फिल्टर टांगायला भिंतीत भोक पाडलं आणि नेमका पाइप फुटला. ज्याने तो बसवला होता तो सुरतला निघून गेलेला. नवी टाइल फोडावी लागली, आणि त्या रंगाची टाइल आता मिळत नाही. तुमच्याकडे काम निघणार असेल तर प्लास्टर चढायच्या आधी एवढं करा: प्रत्येक पाइपाला जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून टेप धरा, आकडा वाचता येईल असा जवळून फोटो काढा, सांडपाण्याच्या पाइपाचा उतार त्यावर लिहा, आणि तो फोटो घरातल्या आणखी एका माणसाला पाठवून ठेवा.